पुड्यांचा काला

अमरावती, ४ जुलै २०२४

रागिणी,

आशीर्वाद. घेशील की नाही ठाऊक नाही, पण मोठ्या नणंदेने द्यायचे असतात म्हणून देते.

फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतेस की नाही तेही कळत नाही, कारण तू ते काहीतरी बंद करून ठेवलं आहेस. म्हणून पोस्टाने पाठवते. फाडायचं म्हटलं तरी पत्र एकदा हातात घ्यावं लागतं.

तू ऑटोत बसताना म्हणालीस, "ताई, यांची दारू सुटली असा डॉक्टरच्या सहीचा कागद दाखवा, मी घटस्फोटाची केस मागे घेते. तुमच्या तोंडचं आता मला काही ऐकायचं नाही." मी त्यावर फार बोलले, ऑटोवाल्यासमोर बोलले. ते जाऊ दे. कागदाची सोय झाली आहे, हे सांगायला लिहिते आहे.

इथल्या एका आयुर्वेद रुग्णालयात दारूवरच्या औषधाची चाचणी सुरू झाली. मेळघाटात घोडवेल असते, तिचा जमिनीतला कंद म्हणजे विदारीकंद. त्याचं चूर्ण सकाळ-संध्याकाळ दुधातून घ्यायचं. डॉक्टरीण जुईली म्हणून आहे, तुझ्याहूनही लहान. मला म्हणाली, "आजी, याने तलफ कमी होते असं जुने वैद्य सांगतात. खरं की खोटं ते आम्हाला माहीत नाही, तेच बघायचं आहे." तिचा सरळपणा मला आवडला. आजी म्हटलेलं नाही आवडलं.

आता नियम ऐक. अर्ध्या लोकांना कंदाच्या पुड्या आणि अर्ध्यांना तशाच रंगाच्या, तशाच चवीच्या नुसत्या पिठाच्या. कोणाला काय मिळतंय ते पेशंटला माहीत नाही, डॉक्टरलाही नाही. सगळं संपल्यावर उघडणार. आणि प्रत्येकाबरोबर घरचं एक माणूस पाहिजे, त्याला म्हणतात सोबती. दर बुधवारी सोबत्याने वेगळ्या खोलीत बसून खरं खरं सांगायचं, आठवडाभरात घेतली का, किती घेतली. फॉर्मवर 'पत्नी' असं छापलेलंच होतं. मी ते खोडून 'बहीण' लिहिलं.

अमोल तयार कसा झाला विचारशील. मी स्वयंपाक बंद केला. वकील माणूस, कोर्टात न्यायाधीशाचंही ऐकत नाही, पण पोटाचं ऐकतो.

शेवटी प्रत्येकाला सहीशिक्क्याचा कागद मिळणार आहे, किती सुटली, किती राहिली. मी पहिल्याच दिवशी विचारून ठेवलं.

तुझी
सत्यवतीताई


२५ जुलै

रागिणी,

उत्तर नाही. बरं.

अमोल पुड्या घेतो आहे. दूध मी समोर उभी राहून पाजते, लहानपणी एरंडेल पाजायचे तशी. चेहऱ्यावर तजेला आला आहे. मागच्या आठवड्यात न्हाणीत पाय घसरून पडला, गुडघा सुजला, एवढंच. फरशी ओली होती. बाकी काही नाही. डॉक्टरिणीलाही तसंच सांगितलं.

बुधवारचा दिवस बरा जातो. पेशंट आत बसतात आणि आम्ही बायका बाहेर व्हरांड्यात बाकड्यावर. अंजनगाव सुर्जीहून माणिकबाई येते. घरची शेती, नवऱ्याचं नाव देवमन, आणि देवमन घेतो तेव्हा तालुक्याला ऐकू जातं असं तीच सांगते. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "मास्तरीणबाई, तुमी भावाले घेऊन आल्या? भावजय काहून नाही आली?" मी म्हटलं, कॉलेजात परीक्षा आहे. म्हणाली, "आता? जुलैत?" या खेड्यातल्या बायकांना सगळं माहीत असतं. मी तिच्याशी अर्धा तास बोलले नाही. मग तिने डब्यातली कोथिंबीर भरलेली सांभारवडी पुढे केली, तेव्हा बोलले.

रागिणी, खरं सांगू का, मी इतकं बोलतच नाही हल्ली. अमोल सकाळी कोर्टात जातो, आला की मोबाइलमध्ये डोकं घालतो. परवा वांग्याच्या भाजीत तिखट जास्त पडलं तर मी मोठ्याने म्हणाले, "हो, हो, माहीत आहे, तू सांगायची गरज नाही." आणि स्वयंपाकघरात कोणीच नव्हतं. तू माझ्या भाजीला नावं ठेवायचीस तेव्हा माझा जीव जायचा. आता कोणी नावंसुद्धा ठेवत नाही. मुकाट्याने गिळतात.

शाळेतून निवृत्त झाले तेव्हाही इतकं रिकामं वाटलं नव्हतं. तेव्हा तू घरात होतीस.

सत्यवतीताई


२९ ऑगस्ट

रागिणी,

आज तुला एक गंमत सांगते. हसशील. निदान अकोल्यात बसून हसशील तरी.

जन्माष्टमी होऊन गेली ना, तर काल माणिकबाईने गावच्या देवळातला काला आणला होता, डबाभर. पोहे, दही, लोणचं, कोणाची भाकर, कोणाची मिरची, सगळं एकात. व्हरांड्यात आम्ही सगळ्या बायका खात बसलो होतो आणि विषय निघाला पुड्यांचा. प्रत्येकीच्या मनात तेच, आपल्या माणसाला पीठ तर नसेल आलं? मोर्शीकडची एक बाई आहे, ती रडायलाच लागली. तिच्या पोराला काही फरक नाही, म्हणजे तिला पीठच आलं असणार, असं तिचं म्हणणं.

माणिकबाई म्हणाली, "याच्या वाट्याले औषध अन् त्याच्या वाट्याले पीठ, हा कुठला न्याय व्हय? आणा वो सबन इकडं. काला करू. देवाच्या काल्यात कोनाची भाकर कोनाच्या तोंडात जाते, कोनी पायते काय?"

मी आधी नको म्हटलं. हे प्रामाणिकपणे सांगते. पण मग त्या मोर्शीवालीकडे बघितलं आणि मनात आलं, आपल्याही पुड्यांत पीठ असलं तर? तो कागद मग कुठून येणार? आणि मी तुला काय दाखवणार?

म्हणून मीच हात धुतले. माझ्या पिशवीत स्टीलचा मोठा डबा होता. महिन्याच्या पुड्या नुकत्याच हातात आल्या होत्या, सगळ्यांच्या उघडल्या, डब्यात ओतल्या, चमच्याने खालीवर केल्या आणि परत त्याच कागदांत भरून ज्याच्या नंबराच्या त्याला दिल्या. मी मापाने भरल्या, शाळेत खिचडी वाटायचे तशी, कोणाला कणभर कमी नाही. आता प्रत्येकाच्या पोटात थोडं का होईना, औषध जाणार. दर महिन्याला असंच करायचं ठरलं.

डॉक्टरिणीला अर्थात सांगितलं नाही. ती पोर उगाच नियमांवर अडून बसते.

किती दिवसांनी असं चारजणींत बसून काही केलं. घरी आले तेव्हा हाताला त्या कंदाचा गोडसर वास येत होता. तू असतीस तर तुला वास घ्यायला लावला असता. रसायनशास्त्र शिकवतेस, ओळखलं असतंस कोणतं पीठ आणि कोणता कंद.

सत्यवतीताई


१३ सप्टेंबर

रागिणी,

काल महालक्ष्म्या उठल्या. एकटीने बसवल्या या वर्षी. सोळा भाज्यांचं मी बघितलं, आंबील केली, पुरण वाटलं. पण साड्या नेसवायला तूच लागतेस. धाकट्या महालक्ष्मीच्या निऱ्या तीनदा सुटल्या आणि मी तिलाच रागावले, "नीट उभी राहा की गं!" शेवटी टाचण्या लावल्या. शेजारपाजारच्या बायका जेवायला आल्या, सगळ्यांनी चांगल्या दिसतात म्हटलं. कोणी तुझं नाव काढलं नाही. आधीच ठरवून आल्या होत्या असं वाटलं.

पण ऐक, मोठी गोष्ट वेगळीच आहे. अमोलने सोवळं नेसून पंगत वाढली. हात थरथरला नाही. पुरणपोळीवर तूप वाढताना एक थेंब बाहेर पडला नाही. रागिणी, मी त्याची मोठी बहीण आहे, त्याला अंगाखांद्यावर वाढवलं आहे, मला त्याचा वास दारातून कळतो. त्या दिवशी वास नव्हता. या सगळ्या आठवड्यात नव्हता. ही औषधाची करामत असेल, महालक्ष्मीची असेल, कोणाचीही असो. मला रडू आलं. मी मागच्या अंगणात जाऊन रडले आणि मग भांडी घासली.

काल रात्री जेवून झाल्यावर तो म्हणाला, "ताई, रागिणीला आवडतो ना गं आंबिलीतला तो खोबऱ्याचा तुकडा?" स्वतःहून नाव काढलं. मी लगेच उठून हे लिहायला बसणार होते, पण डोळे मिटत होते. म्हणून आज लिहिते.

आता कागद नक्की. डिसेंबरात. तू वकिलाला सांगून तारीख थोडी पुढे घे एवढंच.

सत्यवतीताई


२६ सप्टेंबर

रागिणी,

काल डॉक्टरिणीने मला एकटीला आत बोलावलं. टेबलावर एका कागदाचा प्रिंट होता. मी चष्मा लावला. माझंच अक्षर. 'म्हणून मीच हात धुतले.'

तू पाठवलंस.

त्या पोरीने कागद उलटा करून ठेवला. मग म्हणाली, "आजी, या एका चाचणीसाठी मी दोन वर्षं फिरले. मेळघाटात कंद खणणाऱ्या लोकांबरोबर चालले. आता यातलं कोण कशाने सुधारलं, मी कोणालाच सांगू शकत नाही. कंदात गुण असेल तरी नाही आणि नसेल तरी नाही." मी म्हटलं, "अगं, पण सगळ्यांनाच थोडं थोडं मिळालं ना?" तर तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मीच पाणी आणून दिलं.

चाचणी बंद झाली. सगळ्यांना घरी पाठवलं. सहीशिक्क्याचा कागद कोणालाच नाही.

माणिकबाई बाहेर म्हणत होती, "त्यात कोणतं पाप केलं वो? वाटून खाल्लं, चोरून तं नाही खाल्लं." मी तिच्या पिशवीचा एक बंद धरला आणि दोघी फाटकापर्यंत चालत गेलो.

तुझ्यावर मी काल दिवसभर चिडले होते. देवासमोर दिवा लावतानासुद्धा चिडले होते. अगं, मला एक फोन केला असता तर? 'ताई, हे काय केलं, परत करू नका,' एवढं म्हणायला काय जात होतं? सरळ डॉक्टरलाच? मी काय परकी आहे? तू नियमाने बरोबर असशील, शास्त्राने बरोबर असशील. पण घरातल्या गोष्टी अशा बाहेर नेतात का?

हे सगळं बोलून झालं माझं, भिंतीशी. आणि मग लक्षात आलं की तू पत्रं वाचतेस. पूर्ण वाचतेस, तिसऱ्या पानापर्यंत. टाकून देत नाहीस, ठेवतेस.

मी रागवावं की काय करावं, मला समजून नाही राहिलं.

सत्यवतीताई


२० ऑक्टोबर

रागिणी,

आता तू पत्रं वाचतेस हे मला माहीत आहे, म्हणून हे लिहायला जास्त जड जातं आहे.

न्हाणीतली फरशी कोरडी होती. जुलैत तो पिऊनच पडला. नंतरही दोन-तीनदा घेतली आणि मी बुधवारी त्या खोलीत बसून 'नाही' म्हटलं. तुलाही तेच लिहिलं. महालक्ष्म्यांचं मात्र खरं आहे, त्या आठवड्यात त्याने घेतली नव्हती. तेवढं खरं मान. बाकीचं मानू नकोस.

डॉक्टरिणीने बोलावून प्रत्येकाला सांगितलं कोणाच्या नंबरात काय होतं. अमोलच्या पुड्यांत पीठ होतं. देवमनच्या कंदाच्या होत्या. देवमन आता कमी घेतो, माणिकबाई खूश आहे, "पीठ व्हय का कंद व्हय, मले काय करायचं, माणूस घरी जेवते" म्हणते. पण काल्यानंतर सगळ्यांच्या पोटात सगळंच गेलं, त्यामुळे याचा अर्थ काहीच लागत नाही. हे मला आता समजतं. जुईलीने शांतपणे समजावलं. माझ्या वर्गातल्या ढ पोरांना मी समजवायचे तसं.

अमोल त्या दिवशी घरी येताना बाटली घेऊनच आला. म्हणाला, "पीठच खात होतो म्हणे मी! मग कशाला उगाच?" आणि हसला. मी त्याचं ताट वाढलं नाही. त्याने स्वतः वाढून घेतलं.

परवा जेवताना तुझ्या केसचा विषय काढला. चांगल्या मूडमध्ये होता. म्हणाला, "ताई, तिची केस काही टिकत नाही. गॅलरीत कोंडल्याचं ती लिहिते आहे. सिद्ध कोण करणार? घरातलं माणूस साक्षीला आल्याशिवाय कोर्ट काही ऐकत नाही. आणि घरात आहे कोण? तू." माझ्या पाठीवर थाप मारली आणि हात धुवायला गेला.

थंडी होती त्या दिवशी. त्याने लावलेली गॅलरीची कडी मी काढली होती. तू आत आलीस तेव्हा तुझे ओठ निळे झाले होते, आणि मी तुला चहा करून दिला. तू कप हातात धरून नुसती बसून होतीस.

परवा ताटातला वरणभात तसाच गार झाला.

सत्यवतीताई


२४ नोव्हेंबर

रागिणी,

तू केस मागे घेऊ नकोस. आणि इकडे परत येऊ नकोस. कोणी कागद दिला, सोन्याच्या शाईने लिहून दिला, तरी येऊ नकोस.

तुझ्या वकिलाला सांग, माझं नाव साक्षीदारांत घाल. सत्यवती, निवृत्त शिक्षिका, प्रतिवादीची सख्खी मोठी बहीण. पुढच्या तारखेला मी अकोल्याला येते. गॅलरीचं सांगीन, बाटल्यांचं सांगीन, बुधवारी खोटं बोलले तेही सांगीन. उलटतपासणीला तो स्वतः उभा राहिला तरी मी घाबरत नाही. त्याला पाढे मीच शिकवले आहेत.

अमोलला मी कालच सांगितलं, पोहे खाताना. आधी थट्टा वाटली त्याला. मग समजलं तेव्हा बशी सरकवली. म्हणाला, "लोक काय म्हणतील? बहीण भावाच्या विरुद्ध उभी राहिली?" मी म्हटलं, म्हणू देत. मग आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, म्हातारपणी तू एकटी पडशील. मला सोडलंस तर कोण आहे तुला?"

मी म्हटलं, "पडलेच आहे रे. वर्ष झालं."

मी बशी उचलून पोहे झाकून ठेवले, नंतर खाईल म्हणून. भाऊ आहे माझा. मला त्याची दयाही येते गं, ती तू समजून घेशील की नाही माहीत नाही. साक्ष दिल्यावरही येईल.

माणिकबाईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "एकल्या काहून जाता? बडनेऱ्याहून गाडीत बसू, दोघी जाऊ." मी नको म्हटलं. तिच्या कापसाची वेचणी चालू आहे. आणि हे मला एकटीने करायचं आहे.

गाडी सकाळी पोहोचते. कोर्टाचं काम दुपारपर्यंत होईल म्हणतात. त्यानंतर जठारपेठेत तुझ्या घरी येऊ, की तशीच स्टेशनवरून परत फिरू, ते तू ठरव. तुझ्यावर काही बंधन नाही. साक्ष देते म्हणून दार उघडायलाच पाहिजे असं नाही. मला दोन्ही चालेल.

खोटं लिहिलं. दोन्ही नाही चालणार. मला तुझ्याकडे यायचं आहे, रागिणी. मला तुझ्या हातचा चहा प्यायचा आहे आणि तो पांचट झाला असं तुला सांगायचं आहे. तू नाही उघडलंस तरी मी थोडा वेळ तिथे पायरीवर बसेन. मग जाईन.

सत्यवती